माझ्या अंगावर ओरडू नका

मी एक बेट बोलतोय. हळूच बोलतोय, जरा कान जवळ आणा. अंगावर आयडर बदकं उबवायला बसली आहेत. जोरात बोललं की ती उठून जातात.

नॉर्वेच्या उत्तरेला, जिथे किनारा खडकांनी पार फाटलाय, तिथे मी धुक्यात पहुडलेला असतो. जन्म कधी झाला, आठवत नाही बुवा. माझ्यावर बर्फाचा भलामोठा थर निजला होता, तो वितळला आणि मी हळूहळू वर आलो, एवढंच. माझ्यावर माणसं राहत नाहीत.

पण दर वसंतात समोरच्या गावातून गुनवोर आणि रागना या म्हाताऱ्या बहिणी होडी वल्हवत येतात. त्यांच्या आईने रचलेली दगडांची घरटी साफ करतात, आत वाळलेलं समुद्रशेवाळ पसरतात. मग बदकं येतात, छातीची मऊ पिसं उपसून त्यांत अंडी उबवतात. पिल्लं पाण्यात गेली की बहिणी त्या पिसांच्या दुलया भरतात. तोवर इथे ठोकाठोकी नाही, मोठा आवाज नाही.

यंदा बदकं बसल्यावर दोघी पाहायला आल्या. गुनवोर खाली बसली, घरट्यांच्या दगडी भिंतीला टेकली आणि कुजबुजली, "रागना, पुढच्या वर्षी मी यायची नाही."

"का गं ताई?"

"गुडघे बघ माझे! होडीतून उतरताना देव आठवतो."

"मला एकटीला होडी आवरत नाही. शेवाळ कोण पसरणार? बदकं येतील कशाला मग?"

"नाही आली तर नाही आली! चाळीस वर्षं कंबर मोडली, पुरे झालं."

"आईला सांगितलं असतंस का हे?"

"आईला मध्ये आणू नकोस हं!"

असं कडाक्याचं भांडण, तेही कुजबुजत! चेहरे लालबुंद, हात हवेत, आवाज मात्र गवताच्या सळसळीएवढा. मला हसू येत होतं. पण या दोघी आल्या नाहीत तर माझ्याकडे येणार कोण?

तेवढ्यात एक बदकीण डुलत डुलत आली. दोन-तीन घरट्यांत डोकावली, नाक मुरडलं आणि सरळ गुनवोरच्या पसरलेल्या झग्यावर जाऊन बसली.

"हाकल की," रागना म्हणाली. "तू तर सोडून चाललीस ना?"

"गप्प बस, मेले. डोळे मिटतेय ती."

ओहोटी लागली, होडी वाळूत रुतली. या दिवसांत इथे सूर्य मावळत नाही, तो नुसता पाण्याच्या कडेने घरंगळत राहिला. रागनाने जवळची अर्धी भाकरी ताईला भरवली. गुनवोर हलली नाही.

शेवटी बदकीण आपणहून उठली आणि पाण्याकडे गेली. झग्यात एक हिरवट, कोमट अंडं होतं. गुनवोरने ते मागच्या घरट्यात ठेवलं, वर शेवाळ पांघरलं. उठताना तिचे गुडघे कडकड वाजले. रागनाने तिला काखेत हात घालून उभं केलं.

भरती आल्यावर होडी निघाली. पाण्यावरून आवाज लांब येतो, म्हणून मला ऐकू आलं.

"रागना."

"काय गं?"

"पुढच्या वर्षी मला टेकायला एक उशी घे. आपली आई भिंत बांधायची, पण बसायचा विचार काही करायची नाही."

धुकं उतरतंय. मला झोप येतेय. तुम्हीही निघा आता, पण पावलं वाजवू नका. बदकीण परत येऊन त्या अंड्यावर बसलीय, ते अजून उबायचंय.