तू घे, मी धरतो

"धाकटे, कमाल केलीत! तीन मिनिटं सूर कुठे तुटला नाही!" कंडक्टरबाई म्हणाल्या, आणि तालमीला जमलेल्या साऱ्या ऑर्केस्ट्राने पाय आपटून दाद दिली.

धाकटे म्हणजे छप्पन्न वर्षांचा, केस पार पिकलेला माणूस. थोरला भाऊ याच ऑर्केस्ट्रात पहिला क्लॅरिनेट वाजवायचा, हा त्याच्या शेजारी दुसरा, म्हणून जन्मभराचा धाकटा. दाद मिळाली खरी, पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्या तीन मिनिटांत त्याने चक्क तोंडाने श्वास घेतला होता. तोही चारदा!

हा नवा कन्सर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीने एकट्या क्लॅरिनेटने वाजवायची रचना, मुळात दादासाठी लिहिलेला. किंचाळणारे उंच स्वर, एकाच फुंकरीत दोन-दोन सूर, आणि मधोमध ती तीन मिनिटं, जिथे सूर तुटताच कामा नये. गालात हवा साठवायची, ती पिळत पिळत वाजवायचं आणि तेवढ्यात नाकाने नवी ओढायची. दादाच्या हातचा मळ होता तो. पण अकरा महिन्यांपूर्वी दादा गेला, फुफ्फुसांच्या दुखण्याने, आणि हे लोढणं धाकट्याच्या गळ्यात पडलं.

मग श्वास का घेतला? सवय, दुसरं काय! सत्तावीस वर्षं दोघं शेजारी बसून लांब सूर असाच ओढत आले होते. दादाने गुडघ्याने गुडघ्याला टोचायचं, म्हणजे 'तू घे, मी धरतो'. धाकट्याचा श्वास झाला की त्याने धरायचं आणि दादाने घ्यायचा. टोचायचा मात्र नेहमी दादाच. आजही गुडघ्याला टोचलं, आणि हा गाढव श्वास घेऊन मोकळा झाला. सोलोची खुर्ची तर पुढे, एकटीच मांडलेली होती.

तालमीला वहिनी येऊन बसली होती. बाहेर जिन्यात तिने त्याला गाठलं.

"भावजी, तुम्ही थांबलात तेव्हा वाजवत कोण होतं?"

"तुम्हालाही ऐकू आलं?"

"बत्तीस वर्षं ऐकलंय मी. मला नाही कळणार?" तिचा आवाज चिरकला. "चारदा धरलं ह्यांनी तुमच्यासाठी. तुम्ही ह्यांना एकदा तरी श्वास घेऊ दिलात? जाताना एका श्वासासाठी तडफडत होते हो. अजून तेच चाललंय का?"

"मला नाकाचं ते जमत नाही, वहिनी. मी एकटा धरणार कसा?"

"मग शिका!"

चार दिवस तो पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ घालून फुंकत बसला. बुडबुडे थांबले की पुन्हा पहिल्यापासून. "मोरी तुंबलीय का काय असं वाटतं," बायको कुरकुरली, पण पेला तीच भरून द्यायची. चौथ्या दिवशी तीन मिनिटं निघाली. फक्त एक गोम होती. दादा आठवला की डोळे भरायचे, डोळे भरले की नाक चोंदायचं, आणि नाक चोंदलं की खेळ खलास. शिवाय आपण धरलं तर दादा सुटेल, आणि सुटला की परत यायचा नाही, हेही त्याला कळत होतं. त्याला ते नको होतं आणि करायचंही होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी ती तीन मिनिटं सुरू झाली आणि गुडघ्याला टोचलं. त्याने गाल पिळले, नाकाने हवा ओढली, सूर धरून ठेवला. पुन्हा टोचलं, जोरात. दादाला कधी धीर म्हणून नव्हताच. धाकट्याने दात आवळले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून शेजारी गुडघ्याने टोचलं. तिथे गुडघा होता. गार होता.

मग त्याच्या कानाशी कोणीतरी श्वास घेतला. आत, आणखी आत, संपेचना. जवळच्या व्हायोलिनवालीने दचकून बाजूला पाहिलं. मग तो श्वास हळूच सुटला आणि शेजारी काही उरलं नाही.

सूर अजून वीसेक सेकंद धरायचा होता. नको नको म्हणताना धाकट्याचे डोळे भरले, नाक बंद झालं. त्याने तोंड उघडलं. सूर तुटला. कोणीही तो धरला नाही. साऱ्या सभागृहाला ती शांतता ऐकू गेली. मग त्याने एकट्यानेच पुन्हा सुरुवात केली आणि शेवटपर्यंत वाजवलं.

"सुरेख झालं हो," कंडक्टरबाई विंगेत म्हणाल्या, "तेवढा एक खंड पडला बघा."

"पडला खरा," धाकटा नाक पुसत म्हणाला. "माझाच होता तो."

वहिनीने त्याच्या हातातला क्लॅरिनेट घेतला, त्याचे तुकडे सोडवले आणि फडक्याने आतली ओल पुसायला घेतली.