नव्या किल्लीचा पहिला दिवस

चौकशी अहवालातील मुख्य वाक्य असे आहे: 'घटनेच्या वेळी बिनतारी यंत्रणा पूर्णतः कार्यक्षम होती व तिच्या गोपनीयतेस कोणतीही बाधा पोहोचली नाही.' या वाक्यात असत्य काहीच नाही. यंत्रणा चालू होती. गोपनीयता अभंग होती. इतकी, की ज्या पोलिसांसाठी संदेश होता त्यांनाही तो कळला नाही. आरतीचे नाव अहवालात नाही. 'घटनेच्या' या शब्दात ती सामावली असावी.

आरती वलगावची. दिवाळीनंतर आईबरोबर कपाशीवर फवारणी करताना औषध तिच्या छातीत गेले. अमरावतीत व्हेंटिलेटर रिकामा नव्हता, अकोल्यात होता. तिला न्यायला रहमतुल्लाची रुग्णवाहिका आली.

रहमतुल्लाच्या केबिनमध्ये कित्येक वर्षे पोलिसांचा एक जुना वायरलेस सेट होता. ठाण्यातल्यांनीच तो दिला होता, कारण अपघाताची खबर त्यावरून त्याला सर्वांआधी मिळे. नियमात हे बसत नव्हते आणि ते सर्वांना ठाऊक होते. पुढे पोलिसांचे बोलणे सांकेतिक झाले आणि तो सेट मुका पडला. आंदोलक चोरून ऐकतात, हे कारण देण्यात आले. ऐकत असतीलही. आणखी कोण ऐकत होते, हे कोणी विचारले नाही.

त्या दिवशी कापसाच्या भावासाठी मूर्तिजापूरच्या अलीकडे ट्रक आडवे लावून महामार्ग रोखला होता. अमरावतीचे पोलीस सकाळपासून त्याविषयी आपसांत बोलत होते, अर्थात सुरक्षितपणे. जुना सेट बोलता असता तर रहमतुल्लाने गाडी दर्यापूरमार्गे नेली असती. तो महामार्गाने गेला आणि ट्रकांसमोर येऊन थांबला. मागे फिरण्याइतका वेळ आता आरतीकडे नव्हता.

बंदोबस्ताची सूत्रे अमरावतीकडे होती; ट्रकांपाशी अकोल्याचा हवालदार सूर्यभान होता. दोघांची जुनी ओळख.

"सूर्यभान भाऊ, पोरगी हाय अंदर. ट्रक हटव."

"चाचा, मी कावून अडवीन तुमाले? काल ॲम्ब्युलन्समंधी निजून पुढारी आले इथं. आता अमरावती कंट्रोलनं सेटवर सांगतल्याबिगर एकबी गाडी सोडाची नाई."

"मंग विचार ना त्याईले!"

"विचारूनच राहिलो." सूर्यभानने बटण दाबले. सेटमधून खरखर आली. "आयका. सकाळपासून अमरावती नुसती गुळण्या करून राहिली."

"पयले तर वलगावात कुत्रं भुकलं तरी सेटवर सांगत होते तुमी लोक."

"आता लय सेक्युरिटी हाय, चाचा."

"फोन लाव मंग."

"फोनवर कोणीबी साहेब बनते. सेटवरचंच खरं धराचं, असा हुकूम हाय."

मागे आरतीची आई जमुना तिला श्वास देणारा हवेचा फुगा दाबत बसली होती. दवाखान्यातल्या नर्सने दाखवले होते तसे: दाबायचे, सोडायचे, दाबायचे. रहमतुल्लाने दार उघडले तेव्हा तिने मान वर केली नाही.

"भाऊ, बरोबर दाबून राहिली ना मी?"

"बरोबर हाय, ताई. दाबत राय."

सूर्यभानने आत डोकावून पाहिले. मग तो ट्रकांकडे गेला, एका ड्रायव्हरची गचांडी धरली आणि आदेशाशिवायच ट्रक बाजूला घ्यायला लावला. आंदोलकांपैकीच चौघांनी पुढे होऊन वाट करून दिली. रुग्णवाहिका दिसल्यापासून तिला जाऊ द्या, असेच ते म्हणत होते. आदेशाविना वाहन सोडल्याबद्दल सूर्यभानची वेतनवाढ पुढे रोखण्यात आली. त्या साऱ्या दिवसात कोणावर काही कारवाई झाली असेल तर ती हीच.

अकोल्यात डॉक्टरांनी आरतीला तपासले आणि आता फुगा दाबणे थांबवा, असे जमुनाला सांगितले. ती थांबली नाही. फुगा तिच्या हातातून काढून घ्यावा लागला. तो काढल्यावरही तिची बोटे काही वेळ मिटत आणि उघडत राहिली. रहमतुल्लाने गाडी धुतली. वलगावला तो दर्यापूरमार्गे परतला. तो रस्ता मोकळा होता.

संदेश उलगडण्याची सांकेतिक किल्ली बंदोबस्तापुरती दोन्ही जिल्ह्यांना एकच देण्यात आली होती. त्या सकाळी अमरावतीने ती बदलली. जुनी किल्ली असलेल्या सेटवर त्यानंतर खरखरीखेरीज काही उमटणे शक्य नव्हते. किल्ली बदलणारे बिनतारी विभागाचे निरीक्षक इंगोले यांचा जबाब अहवालाला शेवटी जोडलेला आहे. अहवाल लिहिणाऱ्यांनी तो वाचला असल्याची खूण कुठे आढळत नाही. तो असा:

"किल्ली मीच बदलली. अकोल्याला कळवले नाही असे म्हणता येणार नाही. कळवले होते. आदेशाप्रमाणे बिनतारीवरूनच कळवले. पण आधी किल्ली बदलली आणि मग नव्या किल्लीतून कळवले. त्यांना तो संदेश उलगडणार नाही, हे पाठवल्याबरोबर माझ्या लक्षात आले. फोन केला असता तर आदेशाचा भंग झाला असता. म्हणून मी त्यांच्या उत्तराची वाट पाहत बसलो."