यादीतलं पहिलं कारण

मी हेडफोन बोलतोय. आजवर नुसता ऐकत आलो, तेव्हा आता जरा माझं ऐका.

माझा जन्म साच्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खोक्यातून निघालो तो थेट एका आरोग्यविमा कंपनीच्या मदतकक्षात, सतरा नंबरच्या टेबलावर. माझा स्पंज आधी एकाने कुरतडला, मग दुसरीने. तिसरी आली ती कॉलेज अर्ध्यावर सोडलेली. सगळे तिला 'सतरा नंबर'च म्हणत. तिने पहिल्याच दिवशी मला पुसून घेतलं. एवढा मान मला कुणी दिला नव्हता.

गेल्या वर्षी फोन दुपटीने वाढले. का, ते मला आठवड्यात कळलं. कंपनीने सगळ्या ग्राहकांना नवं पत्र धाडलं होतं. पहिल्या पानावर ठळक, 'तुमचं विमासंरक्षण पूर्वीसारखंच.' नवव्या पानावर बारीक अक्षरांत, कुठल्या ऑपरेशनला आधी मंजुरी लागेल त्याची यादी. मंजुरी मागायची कुणी, हे कुठेच नाही. दवाखाना म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे दवाखान्याला. माणसं फोन करणार नाहीत तर काय करतील?

पण मोठ्या साहेबांनी चौकशी लावली. तीस वर्षांचा अनुभव, केसांना कलप, आणि आयुष्यात ग्राहकाचा एकही फोन घेतलेला नाही. त्यांनी आकडे मागवले. आता गंमत ऐका. फोन संपला की पडद्यावर कारणांची यादी उघडते. दहा सेकंदांत एक कारण दाबायचं, की पुढचा फोन आलाच. म्हणून सगळे पहिलंच दाबतात. पहिलं होतं 'इतर'. साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "हे 'इतर' फार वाढलंय. काढून टाका." काढलं. मग पहिलं आलं 'पत्ता बदलणे'. महिनाभरात साहेबांना शोध लागला की लोक धडाधड घरं बदलतायत. पत्ता कसा बदलावा, याचं पत्र घरोघरी गेलं. ते वाचून आणखी फोन आले.

सतरा नंबरने खऱ्या कारणांची वही केली आणि साहेबांकडे नेली. मी तिच्या गळ्यातच होतो.

"किती शिकलीयेस?"

"बारावी. पुढचं सोडलं."

"मग विश्लेषण आम्हाला करू दे, बाळ."

वही न उघडताच त्यांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला.

मंगळवारी एका म्हाताऱ्या शिंप्याचा चौथा फोन आला. बायकोचं हृदयाचं ऑपरेशन गुरुवारी. मंजुरी नाही आली तर दवाखाना ती तारीख दुसऱ्या कुणाला देणार. "पोरी, मी दवाखान्याच्या काउंटरपाशीच उभा आहे. परत दवाखान्याला विचारा म्हणू नकोस."

साहेब पाहणी करत मागेच उभे होते. तिने मला काढलं आणि सरळ त्यांच्या डोक्यावर चढवलं. "साहेब, हा एक फोन तुम्ही घ्या."

इतके मऊ कान मला कधी लागले नव्हते. शिंपी सगळं पहिल्यापासून सांगू लागला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, "दवाखान्यात चौकशी करा," म्हणाले आणि फोन तोडला. यादी उघडली. साहेबांनी दाबलं, पत्ता बदलणे.

इथून बाहेर फोन लावायचा नाही, असा नियम आहे. तिने मला त्यांच्या डोक्यावरून ओढून घेतलं आणि शिंप्याला फोन लावला. "काका, फोन काउंटरवरच्या ताईंना द्या." त्या ताईंकडून तिथल्या तिथे अर्ज भरून घेतला, इकडे मंजुरी विभागाच्या डोक्यावर बसली. एक्केचाळीस मिनिटांनी मंजुरीचा नंबर आला.

बुधवारी तिला काढून टाकलं.

आता मी चौथ्याच्या कानावर आहे. शनिवारी शिंप्याचा फोन आला. "ती पोरगी आहे का हो? ऑपरेशन झालं म्हणावं. आज उठून बसली."

"त्या नाहीत इथे," चौथा म्हणाला. दहा सेकंद. पत्ता बदलणे.

माझा स्पंज आता सुटत आलाय, लवकरच कचऱ्यात जाईन. जाता जाता एकच मागणं आहे. ती वही अजून साहेबांच्या टेबलावर आहे. कुणीतरी तिच्यावरचा कप उचला.