साडेबाराचा डबा

कुंभकोणमला आमच्या घरची रीत अशी की मुलांचा डबा सकाळी दप्तरात द्यायचा नाही. दुपारी साडेबाराला गरम भात घेऊन आईनं शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं. सौम्या आता दहा वर्षांची, सूर्या सात. मी सहा वर्षं उभी राहिले.

जूनमध्ये मला आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात परत नोकरी लागली. सासूबाई लगेच म्हणाल्या, "मग पोरांनी गार भात गिळायचा?" माझे यजमान रविशंकर पिशवी उचलून दुकानाकडे निघाले. त्यांचं पितळी समयांचं दुकान शाळेच्या अगदी समोर आहे, तर डबा तेही देऊ शकतात, हे सहा वर्षांत कुणालाच सुचलं नव्हतं. मलासुद्धा नाही, याचाच जास्त संताप आला.

पहिल्याच दिवशी मी बियाणं निवडत बसले होते, तर साडेबाराला त्यांचा फोन. "अगं, मुलं फाटकाशी उभी आहेत. डबा कुठाय?"

"तुमच्या दुकानात, मोठ्या समईच्या मागे. सकाळी बसला जाताना मीच ठेवलाय. थर्मासचा आहे, भात गरम असेल."

"मी कसा जाऊ? तिथं सगळ्या बायका असतात!"

"त्या काही तुम्हाला खाणार नाहीत. मुलांना मात्र भूक लागलीय."

"आणि दुकान? बंद करून जाऊ?"

"मी सहा वर्षं माझं काम बंद ठेवलं होतं. तुम्ही अर्धा तास ठेवा."