तांबडं पाणी

आमचे हे, म्हणजे जहांगीर मिस्त्री, हातपंप दुरुस्त करतात. गंजका पाईप दिसला की यांचं डोकं सणकतं. स्वतःच्या तब्येतीच्या नावानं मात्र आनंदीआनंद.

दोन हजार दोन साली भोरच्या डॉक्टरांनी बजावलं, "मिस्त्री, साखर वाढलीय, प्रेशरही. हवेनं लोखंड गंजतं ना, तसंच काहीसं रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचं होतं. वयानं थोडं होणारच, पण साखर आणि प्रेशर त्याला घाई करतात. डोळ्यांतल्या बारीक नसा लवकर जातात. गोळ्या रोज घ्या आणि पुण्याला डोळे दाखवा."

"डोळं ठणठणीत हायेत माजं," हे म्हणाले. गोळी घ्यायची ती डोकं दुखलं तरच. महिनाभर मी घसा कोरडा केला. शेवटी गोळ्या पिशवीत टाकल्या आणि पंप दुरुस्तीसाठी पासली गावाला निघालेल्या यांच्या मोटारसायकलवर मागे बसले. उतर म्हणाले, मी उतरले नाही.

पासलीचा पंप दोन दिवस बंद होता. पाईप वर काढला. बाहेरून धड, आतून गंजाच्या खपल्यांनी निम्मा बुजलेला.

"कोंडिबा, पाणी तांबडं येत आसंल की!"

"येत व्हतं लई दिस," गावातले म्हातारे कोंडिबा म्हणाले. "पर येत व्हतं नव्हं?"

हे भडकले. "येतंय तवर कुणी सांगायचं न्हाई! बंद पडला की जहांगीर!"

तणतणतच नवा पाईप जोडायला बसले. आटे जुळेनात. एकदा, दोनदा, तीनदा. डोळे चोळले, मान वाकडी करून पाहिलं. वीस वर्षं हे काम करणारा माणूस!

"अहो, खरं सांगा. कवापास्नं दिसत न्हाई?"

माणसं बघत होती. हे पाईपकडेच बघत राहिले.

"बकरी ईदपास्नं. डाव्या डोळ्याम्होरं काळं धागं येत्यात. पर दिसतंय की..." म्हणता म्हणता यांची नजर बाजूला पडलेल्या जुन्या पाईपावर गेली.

मी पाना कोंडिबांच्या मुलाच्या हाती दिला, आटे त्याच्याकडून जुळवून घेतले. पंप सुरू झाला. आधी तांबडं आलं, मग स्वच्छ. मी तळहातावर गोळ्या धरल्या.

यांनी ओंजळभर पाणी घेऊन त्या गिळल्या.

"पुण्याची पयली एसटी कितीला?"

"सहाला."

"उद्याच जाऊ," हे म्हणाले. "दिसतंय तवर जाऊ."