दोन बोटं माया

मी चंदेरी टिकल्यांचा कोट बोलतोय. हसू नका. एके काळी मला बघून मुली किंचाळायच्या. म्हणजे माझ्या आतल्या माणसाला बघून. पण त्यातला निम्मा मान माझा, असं मी अजूनही धरून चालतो.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. मला शिवणारे मास्तर तोंडात टाचण्या धरून बोलायचे, त्यामुळे गिऱ्हाईकाला त्यांचं निम्मंच कळायचं. त्यांच्यापुढे तेवीस वर्षांचा एक काडीपैलवान उभा होता. त्याचं पहिलंवहिलं पॉप गाणं नुकतंच घराघरांत वाजू लागलं होतं. "अगदी अंगाबरोबर हवा, मास्तर," तो म्हणाला. मास्तर टाचण्यांमधून काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी स्वतःला हवं तेच केलं.

दोन वर्षं आम्ही नुसता धुमाकूळ घातला. धृपद आलं की हा दोन्ही हात वर फेकायचा, समोर हजारो हात वर जायचे आणि माझी काख उसवायची. मग लोकांना दुसरं कुणीतरी आवडायला लागलं. भांडण नाही, तंटा नाही. फोन वाजायचे थांबले, एवढंच.

पुढची वीस वर्षं माझी कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या संगतीत गेली. अधूनमधून बाहेर यायचो. कुणाची पन्नाशी, कुठल्या दुकानाचं उद्घाटन. गाणं तेच. पुढच्या रांगेतल्या बायका आपल्या मुलींना सांगायच्या, "आम्ही वेड्या होतो गं ह्याच्यासाठी!" मुली मोबाइलमधून मान वर करून विचारायच्या, "ह्या काकांसाठी?" माझा गायक हसून साजरं करायचा. घरी आल्यावर मात्र माझी बटणं काढताना बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून राहायचा. मला त्याची फार दया यायची.

एकदा गाद्यांच्या दुकानाच्या उद्घाटनात धृपदाला मी पाठीत फाटलो. चांगला वीतभर. गायक मला काखोटीला मारून त्याच जुन्या दुकानात गेला. मास्तर आता नव्हते. त्यांची लेक दुकान चालवत होती. चष्मा कपाळावर, टेप गळ्यात आणि टाचण्या, अर्थातच, तोंडात.

तिनं मला सगळ्यांदेखत उलटा केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घाबरू नका," ती म्हणाली. "आत माया आहे अजून."

गायक कानापर्यंत लाल झाला. "कुणाची?"

"बाबांची."

"माझ्यावर?"

तिला इतकं हसू आलं की आधी टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या. "अहो, माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. तुम्ही म्हणाला असाल अंगाबरोबर शिवा. पण बाबांनी दोन बोटं माया सोडलीच. माणूस पुढेमागे अंगानं भरतो, त्यांना ठाऊक होतं."

इतकी वर्षं ती माझ्या पोटात होती आणि माझा मलाच पत्ता नव्हता.

त्या दिवसांत गायकाच्या जिवाला एक घोर होता. स्टुडिओवाल्यांनी त्याला सांगितलं होतं, महिनाअखेरच्या शनिवारी जुन्या गायकांचा मोठा कार्यक्रम आहे. त्याआधी नवं गाणं आण, नाहीतर तेच जुनं गा. ते जमलं नसतं, तर मरेपर्यंत तेच एक गाणं त्याच्या मानगुटीवर बसणार होतं. चाल तर त्याच्याकडे तयार होती, पण शब्द सुचत नव्हते. ट्रायलला उभा असताना तो ती चाल "छाती बेचाळीस, कंबर चाळीस" असल्या आकड्यांवर गुणगुणायचा. मास्तरांची लेक मशीन चालवता चालवता ऐकायची. चौथ्या दिवशी ती मान वर न करता म्हणाली, "तुमच्या कंबरेत एक मात्रा जास्त होतेय." आणि मापाच्या वहीत खडूनंच दोन ओळी लिहून तिनं वही पुढे सरकवली.

*टाका घाल, गाठ मार, दोरा दातानं तोड,*
*पण शिवताना, राजा, दोन बोटं माया सोड.*

गायकानं त्या ओळी म्हणून पाहिल्या. मग पुन्हा म्हटल्या. त्यानंतर एका फाटक्या पाठीसाठी तो सहा वेळा ट्रायलला आला. माझं काम केव्हाच झालं होतं. पण ती सांगायची, "बाही बघावी लागेल." आणि दोघं कडव्यांवर वाद घालत बसायची.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, तो उड्या मारत आला आणि त्यानं मोबाइलवर ध्वनिमुद्रण लावलं. व्हायोलिनांचा नुसता टाहो! *राजा, आता माझी माया सोड.* शिवणं गेलं, दोन बोटं गेली. प्रेमानं जागा ठेव म्हणणाऱ्या गाण्यातल्या बाईला स्टुडिओवाल्यांनी नातं तोडायला लावलं होतं.

तिनं मोबाइल बंद केला. "त्यांना नसेल कळलं. तुम्हाला तर मी सांगितलं होतं ना, की आमच्यात सोडणं म्हणजे ठेवणं?"

"ते म्हणाले, रडकं गाणं लगेच चालतं..."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

तिनं माझी घडी घालून मला त्याच्या हातात दिलं. "कोट तयार आहे," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून दोरा ओवू लागली. सुईच्या नाकात तो काही केल्या जाईना.

शनिवारी सभागृह भरलं होतं. विंगेत उभं राहून मी त्याच्या छातीची धडधड मोजत होतो. आम्ही मंचावर गेलो, व्हायोलिनं सुरू झाली, तसा त्यानं हात करून वादकांना थांबवलं. लोकांत कुजबुज झाली. तो एकटा पेटी घेऊन बसला आणि म्हणाला, "ह्या गाण्याचे शब्द एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचे आहेत. काल मी ते चुकीचे म्हटले. आज जसे आहेत तसे म्हणतो." मग त्यानं लोकांना माया म्हणजे काय ते सांगितलं आणि गायला लागला. आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. पण इतकं खरं गाताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. स्टुडिओवाले कपाळाला हात लावून बसले होते. त्यांच्या मागच्या रांगेत, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून, मास्तरांची लेक बसली होती.

टाळ्या पडल्या. फार नाही, पण बराच वेळ पडत राहिल्या.

आता मी दुकानातल्या खुंटीवर असतो. तो माझ्यासाठी नवा जोडीदार शिवून घेतोय, साधा, करड्या रंगाचा. निदान रोज यायचं कारण तरी तेच आहे. काल ती त्याच्या छातीचं माप घेत होती. इतके दिवस "सरळ उभे राहा, हात वर घ्या" असं चालायचं. काल मात्र टेप ओढता ओढता ती सहज म्हणून गेली, "हलू नकोस रे, सरळ उभा राहा."

तिनं वहीत काहीतरी आकडा लिहिला. चूकच असणार, कारण त्यानं श्वास रोखून धरला होता.

माझं वय झालंय, टिकल्याही गळताहेत. कुणाकडे काही मागावं असं राहिलेलं नाही. फक्त झाडझूड करताना मला भिंतीकडे तोंड करून टांगू नका.