पाकिटातलं मत

सुयोग एका मताने पडला. शंभराने पडला असता तर दोन दिवस तोंड पाडून बसला असता आणि परत आपल्या भाड्याच्या खोल्यांच्या दलालीला लागला असता. पण एक मत म्हणजे घशात अडकलेलं माशाचं हाड. ना गिळवत, ना निघत.

मी त्याची बायको, अक्षता. मतमोजणीच्या हॉलमध्ये जाळीला टेकून मी त्याच्या शेजारीच उभी होते. आकडा ऐकताच त्याने फेरमोजणीचा अर्ज दिला. मला वाटलं, आता सगळी मतं टेबलावर ओतून एकेक मोजतील. कसलं काय! टपालाने आलेल्या मतपत्रिका तेवढ्या हातांनी परत मोजल्या, बाद केलेल्या उलटसुलट करून दाखवल्या. मशीनचं म्हणाल तर कर्मचाऱ्याने निकालाचं बटण परत दाबलं आणि मशीनने मघाचाच आकडा परत दाखवला. महापालिकेच्या आमच्या निवडणुकीत मशीनला चिठ्ठीचा डबा नव्हता. पडताळायला कागदच नाही, तर मोजणार काय? तरी सुयोग प्रत्येक मशीनपुढे मान लांब करून बघत होता. त्याची मला दया आली, खोटं कशाला बोलू.

"दहा वेळा दाबलं तरी हेच येणार," अधिकारी म्हणाले. "यापुढे कोर्ट."

निवडून आली प्रेमा. विक्रोळीच्या आमच्याच चाळीत तळमजल्यावर राहते. गुलाल उधळताना तिच्या पोरांनी आमच्या जिन्यावरही मूठभर टाकला. तो दुसऱ्या दिवशी मलाच पुसावा लागला.

मग मुलुंडहून श्यामकांत वकील आले. चहाचा घोट घेत म्हणाले, "वॉर्डात एक प्रदत्त मत आहे."

"म्हणजे?"

"तुमच्या नावावर आधीच कोणी बोगस मत टाकून गेलं आणि खरे मतदार तुम्हीच हे तुम्ही दाखवून दिलंत, तर मशीनवर जाऊ देत नाहीत. कागदाची मतपत्रिका देतात. शिक्का मारायचा, ती पाकिटात बंद. ते मत मोजत नाहीत, फेरमोजणीतसुद्धा नाही. पाकीट उघडायचा हुकूम फक्त कोर्ट देऊ शकतं."

"कोणाचं आहे ते?"

वकिलांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. "तुमच्या आईंचं."

तेव्हा कुठे आम्हाला आठवलं. मतदानाच्या दिवशी सासूबाई, म्हणजे जानकीबाई, गुडघा धरत धरत दुपारी उशिरा केंद्रावर गेल्या, तर त्यांच्या नावापुढे सही झालेली. दुसरी बाई असती तर शिव्या घालून घरी आली असती. या तिथल्या खुर्चीत ठाण मांडून बसल्या. "माझा मत माका होया," एवढंच घोकत राहिल्या. शेवटी अधिकाऱ्याने हात टेकले आणि कागद दिला. आम्ही त्या गोष्टीवर पोट धरून हसलो होतो.

आता सुयोगने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "आई, तूच वाचवलंस बघ मला. ते एक मत धरलं की टाय. टाय झाली की चिठ्ठी टाकतात. चिठ्ठी कोणाचीही निघू शकते यार!"

कोर्टात अर्ज गेला आणि कार्यकर्त्यांनी चाळीच्या तोंडाशी कापडी फलक लावला. सासूबाईंचा मोठा फोटो, खाली 'आईच्या मताला न्याय द्या'. येणारा-जाणारा त्यांना नमस्कार करू लागला. त्या मात्र फोटोकडे बघायच्याही नाहीत. जेवण निम्म्यावर आलं. मला वाटलं, म्हातारपण.

एका दुपारी आम्ही दोघी वाल सोलत होतो. त्यांनी हात थांबवला.

"अक्षता, ता पाकीट उघडूचा लागतलाच काय गो?"

"का हो आई?"

"तेच्यात सुयोगाचा मत नाय."

माझ्या हातातला वाल खाली पडला. मी दार लोटून घेतलं.

"कोरोनात तुझ्या सासऱ्याचो श्वास अडाकलो, तेवा खुर्चेत बसवन जिनो कोणी उतरवल्यान? प्रेमान. रिक्षात मांडयेर डोक्या कोणी घेतल्यान? प्रेमान. तेवा आमचो झील सुयोग खय होतो? रेशन वाटपाच्या फोटोत होतो." त्यांनी डोळे पदराने कोरडे केले. "तुझो सासरो वाचलो नाय, ती गोष्ट येगळी. पण त्या दिसापासून मी मनात धरलंय, कधी काय देवची येळ इली तर हिका देतलंय. झील माझो असा गो. पण मत माझा."

मला हेवा वाटला त्यांचा. मी तर नवरा म्हणून डोळे मिटून बटण दाबून आले होते.

त्यांनी माझ्या मनगटाला धरलं. "तेका सांगा नको. पण थांबव तेका."

संध्याकाळी सुयोगला एकटं गाठून म्हटलं, "अर्ज मागे घे. कोर्टकचेरीत घराची वाट लागेल."

"वेडी आहेस का? हातात आलेली सीट आहे!"

"आणि आईच्या नावावर बोगस मत कोणी टाकलं, ते कोर्टाने विचारलं तर?"

तो हसला. ते हसू बघून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मतदानाच्या सकाळी मालाडहून आलेल्या बायकांना मीच पोहे वाढले होते. प्रचाराला आल्यात, असं मला सांगितलं होतं. चाळीतले जे म्हातारे मतदानाला उतरतच नाहीत त्यांची नावं सौरभ, म्हणजे सुयोगचा उजवा हात, त्यांना वाटत होता.

"सौरभला वाटलं, आईचा गुडघा दुखतोय, ती कसली येते," सुयोग म्हणाला. "झाली चूक. पण मशीनमधलं मत कोणाचं ते देवालाही कळत नाही."

"म्हणजे आईच्या नावाचं एक मत तू आधीच खाल्लंस!"

"मग आता दुसरं मिळेल ना. आई काय दुसऱ्याला टाकणार आहे?"

मला त्याची किळस आली. ओठांवर आलेलं सगळं सांगून टाकावं असं वाटलं, पण मनगटावर सासूबाईंची बोटं अजून होती.

कोर्टात तारखा पडत गेल्या. सासूबाईंना उभं करून विचारलं, नोंदवहीतली ही सही तुमची का? "नाय," त्या म्हणाल्या. तेवढं खरंच होतं. दिवाळीनंतर पाकीट उघडायचा हुकूम झाला. सुयोगने आईला नवी साडी घेतली आणि हाताला धरून पुढच्या बाकावर बसवलं.

कर्मचाऱ्याने कडेने पाकीट कापलं. मतपत्रिका उलगडून आधी न्यायाधीशांना, मग दोन्ही वकिलांना दाखवली. श्यामकांत वकिलांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग सुयोगच्या कानाशी वाकले. शिक्का प्रेमाच्या नावापुढे होता, ठसठशीत, रेषेला कुठे धक्का नाही. मतमोजणीत एका मताने पडलेला माझा नवरा कोर्टात दोन मतांनी पडला.

प्रेमा तिकडच्या बाकावर होती. तिने सासूबाईंकडे बघितलं आणि तिला रडू फुटलं. सासूबाईंनी मान वर केली नाही.

सुयोग चिडला असता, भांडला असता, तर बरं झालं असतं. तो आईशी बोलायचाच बंद झाला. फलक उतरवला तो घडी करून मोरीच्या दारात पायपुसण्यासारखा टाकला, फोटोतलं तोंड वर करून. मी उचलला, त्याने परत टाकला. त्याच आठवड्यात तो मला म्हणाला, "आईला गावची हवा मानवेल." गावच्या घरात दुसरं कोणी नाही. शेजारची चुलतजाऊ दोन वेळा डोकावते, बस. मी भांडले, जेवण टाकलं, माहेरी जाईन म्हणाले. सासूबाईंनीच पिशवी भरली. "ऱ्हवांदे गो," म्हणाल्या. नवी साडी त्यांनी कपाटातच ठेवली.

गेल्या महिन्यात मतदारयाद्यांची दुरुस्ती सुरू झाली. सुयोग आमटी भुरकत म्हणाला, "आईचं नाव काढायचा अर्ज दिलाय. इथे राहत नाही ना आता ती. नियम म्हणजे नियम."

मालाडच्या बायका कुठल्या नियमात बसत होत्या, असं मी विचारलं. त्याने ताट सरकवलं आणि उठला.

रविवारी सासूबाईंचा फोन आला. गुडघ्याचं सांगितलं, आंब्याला मोहर आल्याचं सांगितलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "अक्षता, फुडच्या मतदानाक माका बोलव हां. कोणी नेऊक इला नाय तरी मी एसटीन येतलंय."

सुयोग समोरच बसला होता. मी म्हटलं, "हो आई, बोलवते."